जागचे, घरचे आणि पाहुणे: चर्चचं कलादालन होतं तेव्हा संशोधकानं काय बघायचं?

"चर्चचं संग्रहालय झालं." पर्यटनाच्या माहितीपत्रकात हा विषय एवढ्या एका ओळीत आटोपतो. पण तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल आणि विषय कलेतिहास, संग्रहालयशास्त्र, धर्माचं समाजशास्त्र किंवा वारसा-जतन यांच्या आसपासचा असेल, तर या तीन शब्दांतल्या प्रत्येकावर थांबावं लागतं. 'चर्चचं' म्हणजे फक्त इमारतीचं, की आतल्या सगळ्या वस्तूंचंही? 'झालं' म्हणजे कोणी केलं, कधी, कोणत्या अधिकारानं? आणि मुख्य म्हणजे, पुरतं झालं का?

पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की संग्रहालयावर पीएचडी म्हणजे वस्तूंची यादी करायची आणि प्रत्येकीखाली चार ओळींचं वर्णन लिहायचं, एवढंच ना? यादी करावीच लागते, ते खरं आहे. पण यादीतल्या वस्तू एकाच जातीच्या आहेत असं समजून चाललात तर संशोधन तिथंच संपतं. हा लेख त्याबद्दल आहे. उदाहरण म्हणून इटलीतलं कोर्तोना नावाचं गाव आणि तिथलं धर्मप्रांतीय संग्रहालय घेते, कारण एका छोट्या इमारतीत सगळे प्रश्न एकत्र सापडतात. शेवटाकडे गोव्यात येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना प्रत्यक्ष जाऊन बघता येईल अशी जागा तीच.

आधी शब्द नीट करून घेऊ

इंग्रजी पुस्तकांत 'डिकॉन्सिक्रेटेड चर्च' असा शब्द येतो. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. मी माझ्या टिपणांत 'निवृत्त चर्च' लिहिते: उपासनेच्या कामातून मोकळं केलेलं. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस नाहीसा होत नाही, त्याला पेन्शन असते, लोक त्याला अजून 'सर' म्हणतात. निवृत्त चर्चचंही थोडं तसंच असतं.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गणपती बसवताना प्राणप्रतिष्ठा होते, उठवताना उत्तरपूजा होते. उत्तरपूजेच्या अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची किंचित हलवली, की तिच्यातलं देवत्व गेलं आणि राहिली ती माती. म्हणजे पावित्र्य येतं तसं जातंही, आणि दोन्ही वेळा विधी असतो, हे कोणी समजावून न सांगता आपल्याला ठाऊक असतं.

कॅथलिक परंपरेत येतानाचा विधी मोठा आहे. चर्चचं समर्पण होतं तेव्हा वेदीला आणि भिंतींना पवित्र तेल लावतात. जाताना मात्र उत्तरपूजेसारखा विधी सक्तीचा नाही. जाताना लागतो तो कागद. इथं आपली उपमा तुटते, आणि ती तुटते तिथंच संशोधकाचं काम सुरू होतं, म्हणून उपमा फार ताणू नका.

कागद कसला? सध्या लागू असलेली कॅथलिक चर्चची कायदेसंहिता १९८३ सालची आहे. तिच्यात 'डिकॉन्सिक्रेशन' हा शब्द नाही. तिथली भाषा चर्च 'लौकिक वापराकडे सोपवण्याची' आहे. कलम १२२२ नुसार चर्च वापरण्यायोग्य उरलं नसेल आणि दुरुस्तीही शक्य नसेल तर बिशप तसं करू शकतो. इतर काही गंभीर कारण असेल तर आधी धर्मगुरूंच्या मंडळाचं मत ऐकावं लागतं आणि ज्यांचा त्या वास्तूवर हक्क लागतो त्यांची संमती घ्यावी लागते. वर एक अट आहे: नवा वापर लौकिक असला तरी चालेल, हीन नसावा. ग्रंथालय चालतं, सभागृह चालतं, कलादालन तर फारच चालतं. आता 'हीन' कशाला म्हणायचं हे त्या त्या काळावर आणि गावावर ठरतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं तेराव्या शतकातलं दोमिनिकन चर्च फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्यानं शहर घेतल्यावर उपासनेतून बाहेर पडलं, पुढे गोदाम झालं, सायकली ठेवायची जागासुद्धा झालं, आणि २००६ पासून तिथं पुस्तकांचं दुकान आहे. सायकली हीन आणि पुस्तकं उदात्त, असं कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही.

दुसरं कलम १२१२. संशोधकाच्या दृष्टीनं ते जास्त कामाचं आहे. पवित्र जागा आपलं समर्पण कधी गमावते, याचं उत्तर ते देतं. जागेचा बराचसा भाग नष्ट झाला तर (आपल्या खंडित मूर्तीची आठवण येईल), किंवा ती कायमची लौकिक वापरात गेली तर. आणि हे 'जाणं' दोन वाटांनी होऊ शकतं: आदेशानं, किंवा प्रत्यक्षात तसं घडून गेल्यानं. म्हणजे कोणी आदेश काढलाच नाही, उपासना हळूहळू थांबली, खोलीत आधी जुनी बाकं आली, मग चित्रं आली, मग तिकीटखिडकी आली, तरी कायद्याच्या नजरेत चर्च निवृत्त झालेलं असू शकतं. त्यामुळे 'अमुक चर्च अमुक साली निवृत्त झालं' असं वाक्य दुय्यम साधनांत दिसलं की लगेच उतरवून घेऊ नका. त्या तारखेमागे आदेश आहे की घडत गेलेली गोष्ट आहे, ते आधी बघा. कधीकधी एकच तारीख अशी नसतेच.

आणि आता गंमत. कलम १२३८ सांगतं की चर्च लौकिक वापराकडे गेलं म्हणून त्यातल्या वेदीचं पावित्र्य जात नाही. इमारत निवृत्त, वेदी अजून सेवेत! धर्मगुरूंशी संबंधित कामकाज बघणाऱ्या व्हॅटिकनच्या विभागानं २०१३ साली याचा कडक अर्थ लावला: वेदी लौकिक वापराला कधीच देता येत नाही, म्हणून ती हलवावी, आणि हलवता येतच नसेल तर नष्ट करावी. जतनतज्ज्ञाच्या अंगावर काटा येईल असं हे वाक्य आहे. संगमरवरी कोरीव वेदी ही कलादालनाची शान असते, आणि श्रद्धेचा नियम म्हणतो की ती तिथं 'कला' म्हणून उभी राहण्यापेक्षा नसलेली बरी. दोन्ही बाजू वस्तूचा मानच राखू बघतायत, पण वस्तू म्हणजे काय यावरच त्यांचं एकमत नाही.

तुमच्या कामासाठी एवढं पक्कं करा: निवृत्ती इमारतीला एकदम लागू होत नाही. ती वस्तूगणिक तपासावी लागते.

कोर्तोना

कोर्तोना हे तोस्काना प्रांतातलं डोंगरावरचं गाव. एट्रुस्कन काळापासून वस्ती, उतरते दगडी रस्ते, आणि खाली दक्षिणेकडे त्रासिमेनो तलाव. गावातल्या कॅथेड्रलसमोरच्या छोट्या चौकात येशूच्या नावाचं चर्च आहे, 'जेझू'. ते १४९८ ते १५०५ च्या दरम्यान बांधलं गेलं. ते कुठल्या मठाचं नव्हतं. भाविक गृहस्थांच्या एका बंधुसंघाचं होतं. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणा: सदस्य, वर्गणी, उत्सव, आजारी सदस्याची विचारपूस, मेलेल्याची अंत्ययात्रा. रचना अशी की एकावर एक दोन चर्च: वर एक, खाली एक. वरच्याला १५३६ सालचं कोरीव लाकडी छत आहे. खालच्यात १५५० च्या दशकात वासारीच्या रेखाटनांवरून क्रिस्तोफानो गेरार्दीनं भित्तिचित्रं रंगवली.

तोस्कानाचा ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो यानं १७८५ साली आपल्या राज्यातले बंधुसंघ मोठ्या प्रमाणावर बंद केले. पुढे नेपोलियनच्या काळात मठ बंद झाले, आणि इटली एक झाल्यावर १८६६ च्या कायद्यानं पुन्हा एकदा. अशा तीन लाटा. इटलीतल्या कुठल्याही निवृत्त चर्चचा अभ्यास करा, या तीनपैकी एखादी तरी लाट त्याच्या भिंतीला लागून गेलेली दिसते. आजही तिथल्या गृहमंत्रालयाच्या एका निधीकडे शेकडो चर्चची मालकी आहे, ती याच इतिहासातून आलेली. जेझूमध्ये धर्मप्रांतीय संग्रहालय सुरू झालं ते १९४५ साली, महायुद्ध संपलं त्या वर्षी.

आत काय आहे? इथं मी तुम्हाला माझी स्वतःची विभागणी देते. ती कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण माझं काम तिनं बरंच सोपं झालं. वस्तूंचे तीन गट पाडा: जागचे, घरचे आणि पाहुणे.

जागचे म्हणजे जे हलवताच येत नाही. ते छत, ती भित्तिचित्रं. इमारतीचं काहीही होवो, ती तिथंच. यांच्याबद्दल प्रश्न असा विचारायचा की आजूबाजूचं सगळं बदललं तेव्हा यांचा अर्थ कसा बदलला. प्रार्थनेला जमलेल्या सदस्यांच्या भोवती असलेली चित्रं आणि तिकीट काढून आलेल्याच्या भोवती असलेली तीच चित्रं.

घरचे म्हणजे जे याच जागेसाठी बनलं, पण हलवता येण्यासारखं आहे. इथं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण म्हणजे लुका सिन्योरेल्लीचं 'प्रेषितांचं प्रभुभोजन'. सिन्योरेल्ली याच गावचा. हे चित्र त्यानं १५१२ साली याच चर्चच्या मुख्य वेदीसाठी काढलं. शेवटच्या भोजनाची चित्रं तुम्ही पाहिली असतील: लांब टेबल, मध्ये येशू, दोन्ही बाजूंना शिष्य. सिन्योरेल्लीनं टेबलच काढून टाकलं. येशू शिष्यांच्या मधोमध उभा आहे आणि पवित्र भाकर हातानं देतोय. हे असं का? चित्र कुठं होतं ते आठवा. त्याच्या खालीच खरी वेदी होती. टेबल चित्रात नसलं तरी चित्रासमोर होतंच! तिथं धर्मगुरू मिस्सा अर्पण करायचा, भाकर वर उचलायचा, आणि गुडघे टेकलेल्या माणसाला ती उचललेली भाकर आणि चित्रातली भाकर एकाच नजरेत दिसायची. पुढच्या भागात यहूदा आहे. तो मिळालेली भाकर गुपचूप थैलीत टाकतोय आणि चित्राबाहेर बघतोय. कोणाकडे? समोर गुडघे टेकलेल्यांकडे. बंधुसंघाच्या सदस्यांना त्या नजरेचा अर्थ समजावून सांगायची गरज नसणार: तू खातोयस, की लपवतोयस?

आता हेच चित्र दालनातली वस्तू म्हणून बघा. बहुतेक दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल अशी मांडणी करतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याला बरं पडतं. गुडघे टेकणारा माणूस त्या हिशेबात नाही. वेदी नाही, भाकर नाही, आणि यहूदाची नजर आता लेबल वाचणाऱ्या पर्यटकावर. मग आपण लिहितो: 'टेबल वगळून कलाकारानं धाडसी रचना साधली आहे.' वाक्य चुकीचं नाही. पण अर्धं आहे. जे चित्राच्या बाहेर होतं ते गेलं, म्हणून उरलेलं आपल्याला 'रचना' वाटतं.

तिसरा गट पाहुण्यांचा: दुसरीकडून इथं आणलेल्या वस्तू. या संग्रहालयाचं नाव जगात ज्या चित्रामुळे झालं, ते फ्रा आंजेलिकोचं 'शुभवार्ता' पाहुणंच आहे. साधारण १४३३–३४ मध्ये त्यानं ते कोर्तोनातल्याच सान दोमेनिको चर्चच्या वेदीसाठी काढलं. फ्रा आंजेलिको स्वतः दोमिनिकन संन्यासी. (पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली त्याला 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची पायरी. मग धन्य पुरुषाच्या हातची वस्तू म्हणून हे चित्र कोणत्या रकान्यात घालायचं, असा खोडकर प्रश्न व्हायवाला येऊ शकतो. तयार राहा.)

या चित्रात डावीकडे देवदूत गॅब्रिएल, उजवीकडे कमानींच्या ओसरीत मरिया, आणि पार मागे डाव्या कोपऱ्यात नंदनवनातून हाकलले जाणारे आदाम आणि एवा. दोघांच्या मध्ये सोनेरी अक्षरांत त्यांचा संवाद लिहिलाय. देवदूताचे शब्द त्याच्याकडून तिच्याकडे जातात, सरळ डावीकडून उजवीकडे. मरियेचं उत्तर, तिचा होकार, मात्र उलटा लिहिलाय. डोकं खाली पाय वर. चित्र उलटं धरल्याशिवाय वाचता येत नाही.

याची दोन स्पष्टीकरणं देतात. एक साधं: उत्तर मरियेकडून निघून देवदूताकडे जायला हवं, आणि ओळ उलटी केली की ती उजवीकडून सुरू होते. दुसरं: तिचं उत्तर देवदूताला नाही, वर असलेल्या देवाला आहे, आणि वरून बघणाऱ्याला ते बरोबर सरळ दिसतं. यान व्हान आइकनंही गेंटच्या वेदीचित्रात, १४३२ साली, मरियेचं उत्तर असंच उलटं लिहिलंय. म्हणजे ही एकट्याची लहर नव्हे.

मी दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे झुकते, आणि ते खरं असेल तर संग्रहालयाच्या अभ्यासकाला हे चित्र फार अडचणीत टाकतं. संग्रहालयाचं पहिलं गृहीतक असं की इथं ठेवलेली प्रत्येक गोष्ट बघणाऱ्यासाठी आहे. प्रकाश, उंची, अंतर, लेबल, सगळं तुमच्यासाठी. आणि इथं चित्रातलीच एक ओळ म्हणते की मी तुझ्यासाठी नाहीच. ती समोरून वाचायची नाही. लोक तिच्यापुढे मान वाकडी करून उभे राहतात, काही जण फोन उलटा करून फोटो काढतात, आणि ओळ वाचून झाली की समाधानानं पुढे जातात.

याच चित्राच्या खाली प्रेदेल्ला आहे, म्हणजे वेदीचित्राच्या पायाशी असलेली छोट्या प्रसंगचित्रांची पट्टी. त्यातल्या मरिया आणि एलिझाबेथ यांच्या भेटीच्या प्रसंगात मागे त्रासिमेनो तलावाचा परिसर दिसतो. कोर्तोनाच्या माणसाला रोज घरातून दिसणारा. पाहुण्यानं गावची आठवण बरोबर आणली म्हणायची. पण प्रेदेल्लाकडे बघणारे कमीच असतात. वरचं सोनं सगळ्यांना ओढून घेतं.

आणखी एक पाहुणा आहे, सगळ्यांत म्हातारा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली रोमन दगडी शवपेटी. तिच्यावर दियोनिससच्या युद्धाचं उठावशिल्प कोरलंय, ख्रिस्ती धर्माशी त्याचा काही संबंध नाही. पंधराव्या शतकात ती कोर्तोनाच्या कॅथेड्रलमध्ये होती. वासारी एक किस्सा सांगतो: दोनातेल्लोनं फ्लोरेन्समध्ये तिची तारीफ केली, ते ऐकून ब्रुनेलेस्की अंगावरच्या कपड्यांनिशी, कोणाला न सांगता, चालत कोर्तोनाला गेला आणि तिचं रेखाटन घेऊन आला. किस्सा खरा की रचलेला, ते सोडा. बघायची गोष्ट अशी की कॅथेड्रल चालू असताना, उपासना जोरात असताना, दोन माणसं त्यातल्या एका वस्तूकडे निव्वळ कला म्हणून बघत होती. कलादालनाची नजर कलादालनाच्या पाचशे वर्षं आधी तिथं पोचलेली होती. त्यामुळे 'आधी श्रद्धा होती, नंतर कला आली' अशी सरळ रेषा काढायचा मोह झाला की ही शवपेटी आठवा.

आता या तिन्ही गटांकडे एकत्र बघा. दालनात शिरलात की सगळ्यांच्या शेजारी एकसारखंच लेबल असतं: कलाकार, शीर्षक, काळ, माध्यम. जागचा, घरचा, पाहुणा, तिघांनाही एकच पोशाख. संग्रहालयानं तो दिला यात त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. तुमचं काम तो उतरवून बघायचं.

हा वाद जुना आहे

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हा धागा कुठून धरायचा असं विचाराल, तर फ्रेंच राज्यक्रांतीपासून धरा. चर्चची मालमत्ता जप्त झाल्यावर अलेक्सांद्र लन्वार यानं पॅरिसमधल्या एका रिकाम्या मठात थडगी, पुतळे, वेदींचे तुकडे गोळा केले आणि १७९५ साली ते संग्रहालय म्हणून उघडलं. गोळा केलं नसतं तर त्यातलं बरंच फुटलं असतं, वितळवलं गेलं असतं. त्याच काळात काट्रमेर द कँसी हा विचारवंत उलट बाजूनं कडाडून लिहीत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कलावस्तू ज्या कामासाठी आणि ज्या जागेसाठी बनली तिथून उचललीत की ती मेली, तुम्ही सांभाळताय ते प्रेत. लन्वारचं संग्रहालय १८१६ साली बंद झालं.

दोनशे वर्षं झाली तरी आपण याच दोन टोकांच्या मध्ये फिरतोय. मला काट्रमेर अर्धा पटतो. सिन्योरेल्लीच्या चित्राबाबत तो बरोबर आहे, वेदीशिवाय ते चित्र एका पायावर उभं आहे. पण शवपेटीबाबत तो चूक ठरतो. ती थडग्यापासून तुटली, चर्चमध्ये गेली, आणि तिथं तिला नवं आयुष्य मिळालं. वस्तूला जन्म आणि मृत्यू याखेरीज मधलं बरंच काही असतं. इगोर कोपितॉफचा १९८६ चा निबंध वस्तूंचं चरित्र लिहावं असं सुचवतो, आणि रिचर्ड डेव्हिस यांचं 'लाइव्ह्ज ऑफ इंडियन इमेजेस' हे १९९७ चं पुस्तक तेच भारतीय मूर्तींबाबत करून दाखवतं. डेव्हिस यांचं पुस्तक कोर्सवर्कमध्ये नसलं तरी वाचा. पत्तूरच्या नटराजाचा लंडनमधला खटला त्यात आहे. त्या खटल्यात मूर्तीवर हक्क सांगणाऱ्यांत खुद्द देवस्थान वादी म्हणून उभं होतं. जमिनीतून वर आलेली, पूजा थांबलेली मूर्ती 'वस्तू' की 'देव', हा प्रश्न तिथं न्यायाधीशांपुढे आला होता. सेमिनारमधल्या चर्चेपुरता तो उरला नव्हता.

पुरावा कुठे शोधायचा

सगळ्यात आधी बिशपांच्या पाहणीच्या नोंदी. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५–१५६३) बिशपांनी आपल्या प्रांतातल्या चर्चची नियमित पाहणी करण्यावर फार भर दिला गेला. कोणत्या वेदीवर काय आहे, दिवा जळतो का, कापड फाटलंय का, असं सगळं लिहिलेलं सापडतं. आपल्या दफ्तरखान्यातल्या देवस्थान इनामाच्या कागदांसारखं, कंटाळवाणं आणि सोन्यासारखं. दुसऱ्या नोंदी जप्तीच्या वेळच्या. सरकारी कारकुनाला श्रद्धेशी काही देणंघेणं नसतं, तो वस्तू मोजतो आणि किंमत लावतो. एकाच चित्राची या दोन कागदांतली वर्णनं शेजारी ठेवून वाचा. अर्धं प्रकरण तिथंच लिहून होईल.

तिसरा पुरावा वस्तूच्या अंगावर. मेणबत्तीचा धूर, चटके, नवसाच्या वस्तू लटकवण्यासाठी मारलेले खिळे, चुंबनांनी झिजलेला पाय, नव्या चौकटीत बसवण्यासाठी कापलेली कड. चित्राची मागची बाजू बघायला मिळाली तर सोडू नका. जुन्या फळीच्या पाठीवर चिठ्ठ्या, क्रमांक, शिक्के असतात, वस्तू कोणाकोणाच्या हातून गेली त्याची पासपोर्टवर असावी तशी नोंद. त्यासाठी क्युरेटरला आधी पत्र लिहावं लागतं, आणि उत्तराची वाट बघायची तयारी लागते. ही तयारी कुठल्याच रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात शिकवत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर इटालियन आणि कामचलाऊ लॅटिन लागते. घाबरू नका. पाहणीच्या नोंदींची भाषा ठरलेली असते, तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. मोडी शिकलेल्या माणसाला हे जड जाणार नाही.

आणि जवळचं: जुनं गोवं

युरोपला जाणं सगळ्यांना जमणारं नाही, आणि जमलं तरी तिथूनच सुरुवात करावी असं काही नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंट आहे. १६०६ साली स्थापन झालेलं, १६२७ साली बांधून पूर्ण झालेलं, जोगिणींचं मोठं मठघर. गोव्याचं ख्रिस्ती कला संग्रहालय आज याच वास्तूच्या एका भागात आहे. ते १९९४ साली सुरू झालं राशोलच्या सेमिनरीत, २००२ साली इथं आलं, आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. गोव्याचं आर्चडायोसिस, इनटॅक आणि पोर्तुगालचं गुलबेंकियन फाउंडेशन यांनी मिळून ते उभं केलं.

इथली निवृत्तीची गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगालनं १८३४ साली धार्मिक संघ बंद करायचा हुकूम काढला. पुरुषांचे मठ लगेच रिकामे झाले. शेजारच्या ऑगस्टीनियन मठाचं काय झालं ते तुम्हाला तिथं उभा असलेला एकटा मनोरा सांगेल. जोगिणींच्या मठांना मात्र वेगळा नियम लागला: नवी मुलगी घ्यायची नाही, आत असलेल्यांनी मरेपर्यंत राहावं. सांता मोनिकामधली शेवटची जोगीण वारली १८८५ साली. हुकूम १८३४ चा आणि मठ बंद झाला १८८५ ला, पन्नास वर्षांनी, एका म्हाताऱ्या बाईच्या मृत्यूनं. कलम १२१२ मधल्या त्या दोन वाटा मघाशी सांगितल्या, आदेशाची आणि घडून जाण्याची. इथं त्या पन्नास वर्षं एकाच भिंतीआड चालल्या. त्या पन्नास वर्षांत आत उपासना कशी चालत होती, किती आवाजात, किती जणींत, यावर कोणी काम करायला घेतलं तर मी पहिली वाचक असेन.

आणि सांता मोनिका पुरती निवृत्त आहे, असंही म्हणता येत नाही. वास्तू चर्चकडेच आहे, तिच्यात १९६४ पासून जोगिणींसाठी मातेर देई ही शिक्षणसंस्था आहे, आणि चमत्कारी क्रूसासाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या चॅपेलचं फेस्त नोव्हेंबरच्या अखेरीस भरतं. एका भिंतीच्या अलीकडे क्रूसापुढे मेणबत्ती, पलीकडे क्रूस काचेत. जागचे, घरचे आणि पाहुणे हे तीन गट इथं लावून बघा. लगेच लक्षात येईल की ते अपुरे पडतात आणि चौथा लागतो: कामावरचे. संग्रहालयात ठेवलेल्या पण उपासनेसाठी परत न्याव्या लागू शकतात अशा वस्तू. चर्चच्या संग्रहालयांत हा प्रश्न नेहमी येतो, तेव्हा क्युरेटरशी बोलताना तो जरूर विचारा. कुठल्या वस्तू, कुठल्या दिवशी, कोणाच्या सहीनं?

सिनॉप्सिसमध्ये 'गोव्यातील ख्रिस्ती कलेचा चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक दिलंत तर समितीवरचा कोणीही तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत अडवेल, आणि बरोबर अडवेल. एक वस्तू घ्या, किंवा एका खोलीतल्या दहा घ्या. प्रत्येकीसमोर चार रकाने आखा: कुठल्या जागेसाठी बनली, तिथं काय काम करायची, ते काम कधी आणि कशानं थांबलं, आणि आज थांबलेलंच आहे का. चौथा रकाना कागदपत्रांनी भरत नाही. त्यासाठी दालनात बसावं लागतं. रखवालदाराच्या खुर्चीजवळ, दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी. कोण थांबतं, कोण फक्त लेबल वाचतं, कोण चप्पल काढावी का म्हणून घुटमळतं, कोण क्रूसाची खूण करतं किंवा नकळत हात जोडतं. हे सगळं वहीत घ्या, वेळेसकट. हात जोडणाऱ्याचा फोटो मात्र घेऊ नका. एथिक्स फॉर्मवर 'प्रेक्षकांचं निरीक्षण' याची परवानगी मिळाली असली तरी त्या क्षणी तो माणूस प्रेक्षक होता की नाही, हेच तर तुम्हाला शोधायचंय.